दहा बाय बाराच्या खोलीतली बेस गिटार

घरी बेस रेकॉर्ड करणाऱ्यांची तक्रार ठरलेली. हेडफोनमध्ये भरदार वाटतो, मोबाईलवर लावला की गायब होतो, आणि मंडळाच्या डॉल्बीवर गेला की सगळ्या सुरांचा एकच गुंगाट. मग खरेदी सुरू होते: नवा इंटरफेस (बेस लॅपटॉपला जोडणारा डबा), नवे पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक), कुणीतरी सांगितलेला प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम). माझं मत विचाराल तर यातली निम्मी खरेदी टाळता येते. तारेची उंची, घराचं अर्थिंग आणि खोलीची लांबी-रुंदी आधी मोजा. या तिन्ही मोजण्यांना मिळून एका चांगल्या केबलइतकासुद्धा खर्च येत नाही.

सुरुवात पट्टीपासून करू, कारण कोल्हापुरात घरी होणारं बरंचसं काम गाणाऱ्याच्या पट्टीवर ठरतं. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड मोकळी तार ई, म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी तीन. सेकंदाला 41.2 कंपनं. पुढच्या तारा ए 55, डी 73.4, जी 98 हर्ट्झ. गाणं पांढरी चार किंवा पांढरी पाचमध्ये असेल तर खालचा सा ई तारेवर आरामात मिळतो. पण गायिका काळी एक धरून बसली की खालचा सा बेसवर उरतच नाही. जो सा मिळतो तो ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी कड), 69.3 हर्ट्झचा, आणि गाणं अचानक हलकं वाटायला लागतं. काळी दोनचंही तसंच, फक्त तिथे चारही तारा अर्धा सूर उतरवून काम भागतं. तारांचा सेट 105 चा, म्हणजे जाड तार 105 हजारांश इंचाची, असेल तर खालची तार थोडी लोळते, 110 ची तार टाकली की ताण पुन्हा ठिकाणावर येतो.

पाचतारी बेस घ्यावा का, हा पुढचा प्रश्न. तिची खालची बी तार 30.87 हर्ट्झची. 34 इंची स्केलच्या, म्हणजे वाजणारी तार 34 इंचांची असलेल्या, स्वस्त पाचतारीवर ही तार बहुधा ढिली आणि आंधळी वाजते: मूळ सूर कमी, नुसती थरथर जास्त. शिवाय 30 हर्ट्झ ऐकवणारे स्पीकर घरात कुणाकडे असतात? महिन्यातून एखादं गाणं काळी एकचं येत असेल तर चार तारांच्या चांगल्या बेसवर वरच्या सा ने काम करा. चित्रपटगीतांचे कार्यक्रम रोजचे असतील, पट्ट्या सतत बदलत असतील, तर पाचतारी घ्या आणि बी तार 130 ची लावा.

पेटी सोबत असेल तर आणखी एक काम आधी उरका. पेटीची पांढरी सहा 440 हर्ट्झलाच असेल असं धरून चालू नका. मध्यम भात्यावर पेटीची पांढरी सहा ट्यूनरला ऐकवा. ट्यूनर 443 दाखवत असेल तर त्याचं कॅलिब्रेशन 443 करा आणि बेस त्यावर लावा. पेटी बेसला जुळवता येत नाही, बेस पेटीला येतो.

तार, फट आणि उद्यमनगरचं फिलर गेज

सेटअपसाठी लागणारं सगळ्यात उपयोगी हत्यार वाद्यांच्या दुकानात शोधू नका. गॅरेजवाले टॅपेट सेटिंगला वापरतात ते फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचा संच) कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. सोबत अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली सहा इंची स्टीलपट्टी घ्या.

आधी तारा सुरात लावा. ढिल्या तारांवर घेतलेलं माप कामाचं नसतं, कारण मानेला, म्हणजे बेसच्या लांब दांडीला, वाकवतो तो तारांचा ताणच. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड तार शेवटच्या फ्रेटवर बोटानं दाबून धरा आणि आठव्या फ्रेटच्या डोक्यावर तारेखाली फिलर गेजचं पान सरकवा. 0.30 चं पान तारेला न हलवता जेमतेम गेलं पाहिजे. 0.50 चंही आरामात जात असेल तर मान पुढे वाकलेली आहे, तेव्हा ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेनं आवळायचा. पानच शिरत नसेल तर मान सरळ किंवा मागे गेलेली, रॉड सैल करायचा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर पुन्हा सुरात लावून पुन्हा माप. चावी नीट बसत नसेल तर जोर लावू नका, नटाची कड गेली की काम महागात पडतं. बेससोबत आलेली चावी हरवली असेल तर इंची आणि मिलिमीटर, दोन्ही संच लावून पाहा. अमेरिकी बनावटीच्या बेसला मिलिमीटरची चावी बसल्यासारखी वाटते आणि मग घसरते.

मान ठीक झाल्यावरच तारेची उंची. सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली 2.4 मिलिमीटर, बारीक तारेखाली 2.0. हात जड असेल, ऑर्केस्ट्रात ढोलकी-ऑक्टोपॅडसमोर वाजवायची सवय असेल, तर 2.8 पर्यंत जा. उंची खाली आणायचा मोह सगळ्यांना होतो. खाली आणलेल्या तारेवर जोरात बोट मारलं की तार फ्रेटवर आपटते, सुराचा गाभा निघून जातो आणि उरतो तो खडखडाट. रेकॉर्डिंगमध्ये हा खडखडाट कुठल्याही इक्वलायझरनं काढता येत नाही.

खडखड नेमकी कुठे होते यावरून कारण कळतं. पहिल्या पाच फ्रेटांत होत असेल तर मान गरजेपेक्षा सरळ आहे. फक्त मोकळी तारच खडखडत असेल तर नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच खोल गेली आहे. बाराव्याच्या पुढे होत असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) खाली आहे किंवा मान फार वाकली आहे. एकाच फ्रेटवर, शेजारी काही नाही, असं असेल तर पुढचा फ्रेट उचकटला आहे.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे दाबलेला सूर खरा येतो का ते. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा येत असेल तर सॅडल मागे, उतरा येत असेल तर पुढे. जुन्या तारांवर हे करत बसू नका. घामानं आणि मळानं जाडी कमी-जास्त झालेली तार कितीही फिरवली तरी जागेवर येत नाही. आणि सॅडल पार शेवटपर्यंत नेऊनही सूर चढाच येत असेल तर बहुतेक वेळा पिकअप तारेच्या फार जवळ असतो, चुंबक तार ओढत असतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपच्या डोक्यापासून जाड तारेला 3 मिलिमीटर, बारीक तारेला 2.5 इतकं अंतर ठेवा.

नटचं हाडकाम करून हवं असेल तर मिरज पन्नासेक किलोमीटरवर आहे. सतारीची जवारी काढणाऱ्या हाताला हाड घासणं नवीन नाही. मात्र खाचांची रुंदी तारांच्या जाडीप्रमाणे लिहून द्या: 105, 85, 65, 45, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. फ्रेट घासायचं काम मात्र गिटारच करणाऱ्याकडे द्या. ते वेगळं काम आहे.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. जूनमध्ये आपल्याकडे पाऊस लागला की लाकूड ओल धरतं, मान हलते आणि मे महिन्यातला सेटअप जुलैत बिघडतो. हा दोष बेसचा नव्हे. जूनअखेर एकदा आणि दिवाळीच्या आगेमागे एकदा वरचं माप घेऊन पाव फेरा इकडे-तिकडे, इतकंच. बेस बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, त्या भिंतीला ओल येते. बॅगेत सिलिका जेलची पाकिटं ठेवत असाल तर ती महिन्याभरात भरतात. मंद आचेवर कढईत कोरडी करून पुन्हा वापरता येतात, फक्त कागदी पाकीट उघडून दाणे वेगळे करा आणि ती कढई नंतर स्वयंपाकाला घेऊ नका. पॉट, म्हणजे आवाजाची गोल बटणं, कुरकुरायला लागले की कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत आणि वीस-पंचवीस वेळा गरागरा फिरवणं. दाराच्या बिजागऱ्यांना मारायचं तेल इथे चालत नाही, ते धूळ धरतं.

तारांबद्दल थोडक्यात. निकेल राउंडवाउंड (गोल वायर गुंडाळलेल्या, खरखरीत) सगळीकडे चालतात. स्टीलच्या तारांना कडक चमक असते, फ्रेटही लवकर झिजतात. फ्लॅटवाउंड (चपटी वायर गुंडाळलेल्या, गुळगुळीत) महाग, पण वर्षानुवर्षं टिकतात, आणि लावणी किंवा भावगीताच्या मागे त्यांच्याइतकं शोभून दिसणारं काही नाही. जुन्या तारा पाण्यात दहा मिनिटं उकळून पुन्हा लावायची युक्ती खरी आहे. मळ निघतो, चमक परत येते, पण काही दिवसच. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी पुरेशी. नवी तार कापताना खुंटीच्या पुढे चार-पाच इंच ठेवा आणि आधी काटकोनात वाकवून मगच कापा, नाहीतर वरचं वेटोळं सुटून तार मेलेली वाजते.

आवाज हातात असतो, म्हणजे नेमका कुठे

लिओ फेंडरनं 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, 1957 मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप दिला आणि 1960 मध्ये जॅझ बेस काढला. आज दुकानात टांगलेले बहुतेक बेस या दोघांचीच पोरं-नातवंडं आहेत. म्हणून कुठला घ्यावा यावर रात्र घालवण्यापेक्षा ज्यांनी या दोन वाद्यांवर आवाज घडवला त्यांचे हात पाहावेत.

मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा जेम्स जेमर्सन 1962 चा प्रिसिजन वाजवायचा. जाड फ्लॅटवाउंड तारा, त्याही क्वचित बदललेल्या, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, आणि उजव्या हाताची एकच तर्जनी. आवाज थेट स्टुडिओच्या कन्सोलमध्ये, म्हणजे मिक्सरमध्ये. अॅम्प्लिफायर नाही, माईक नाही. आपण घरी इंटरफेसमध्ये जॅक घालतो तेव्हा तत्त्वतः तेच करतो. अमेरिकी स्टुडिओवादक कॅरोल केची पद्धत वेगळी: पिक, फ्लॅटवाउंड आणि ब्रिजजवळ तारांवर फेल्टची पट्टी. त्यामुळे प्रत्येक सुराला टोक येतं आणि शेपूट कापली जाते. छोट्या स्पीकरवरही बेस ऐकू यायला हवा असेल तर ही पद्धत आधी करून पाहा. जॅको पास्टोरियसनं 1962 चा जॅझ बेस फ्रेट काढून वाजवला, फिंगरबोर्डला इपॉक्सीचा थर दिला, राउंडवाउंड तारा लावल्या आणि मागचा पिकअप धरून, हात ब्रिजकडे ठेवून वाजवलं. तो नाकातला, बोलका आवाज तिथून येतो. पुढचा पिकअप पूर्ण उघडा ठेवून प्लगइनमधून तो आवाज शोधणं व्यर्थ.

आपल्याकडे पंचमच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस ऐका, रहमानच्या गाण्यांत कीथ पीटर्स यांचा. गाणाऱ्याच्या ओळीत किती जागा सोडली आहे ते मोजण्यासारखं आहे. मोहिनी डेचं स्लॅप (अंगठ्यानं तार आपटून वाजवणं) पाहून नवशिके थेट तिथूनच सुरुवात करतात. तिच्या डाव्या हातानं न वाजणाऱ्या तारा किती बंद ठेवल्या आहेत ते हळू वेगात पाहिलं तर जास्त फायदा होईल.

फोम म्हणाल तर गादीवाल्याकडे कात्रण म्हणून पडलेला असतो. तीन इंच लांब, पाऊण इंच रुंद पट्टी कापून ब्रिजला खेटून तारांखाली दाबायची. फार घट्ट बसली तर सूर थोडा चढतो, तेव्हा लावल्यावर पुन्हा ट्यून करा. ढोलकीच्या डाव्या बाजूचा घुमारा जिथे मिंडीसारखा खाली-वर सरकतो तिथे बेसचा लांब सूर ठेवला की दोघांचा चिखल होतो. फोम लावलेला तुटक सूर तिथे बरोबर बसतो. हलगी-घुमक्याच्या गाण्यांतही हेच. आणि कीबोर्डवाल्याला डावा हात उचलायला सांगा. ऑर्केस्ट्राच्या सवयीनं त्याच्या डाव्या हातात बेस असतोच, आणि एका गाण्यात दोन बेस म्हणजे एकही नाही.

पन्नास हर्ट्झचा पाहुणा

आपली वीज 50 हर्ट्झची. पांढरी पाचचा खालचा सूर 49.0, काळी चारचा 51.9. म्हणजे विजेची गुणगुण बरोबर बेसच्या वस्तीत राहायला येते. गिटारवाला 80 च्या खालचं सगळं कापून मोकळा होतो, बेसवाल्याला ते करता येत नाही. पांढरी पाचच्या गाण्यात तर गुणगुण आणि सूर यांत एका हर्ट्झचाच फरक राहतो, आणि लांब धरलेला सूर सेकंदाला एकदा हेलकावतो. पुष्कळांना हा तारेचा दोष वाटतो.

तपासणी क्रमानं करा. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर चार्जर किंवा अर्थिंग. पंख्याचा रेग्युलेटर पाहा: पायऱ्यांशिवाय सलग फिरणारे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर करकर सोडतात. पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद ठेवला की करकर थांबते. पंख्याचा वारा बेसच्या लाइनमध्ये येत नाही, त्यामुळे पूर्ण वेगावर बिनधास्त चालू द्या, उन्हाळ्यात ते लागतंच. स्वस्त एलईडी बल्बचे ड्रायव्हर आणि चौकोनी लहरींचे इन्व्हर्टर हे पुढचे संशयित. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर टेक घ्यायचाच असेल तर साइन वेव्हचा हवा.

मग तारांना हात लावून पाहा. हात लावला की गुणगुण कमी होते, काढला की वाढते: ब्रिजची अर्थ वायर ठीक आहे, पण आतल्या खोबणीला शिल्डिंग नाही. तांब्याची चिकट पट्टी खोबणीत आणि पिकगार्डच्या मागे लावा, सगळे तुकडे एकमेकांना जोडलेले आहेत हे मल्टिमीटरनं तपासा आणि एक वायर अर्थच्या बिंदूला सोल्डर करा. हात लावूनही काहीच फरक पडत नसेल तर आधी ब्रिजची वायर आणि केबल पाहा. तारा आणि दुसरं एखादं उपकरण एकदम धरल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा, वाजवू नका.

जॅझ बेसची एक गंमत: दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असले की गुणगुण एकमेकांना मारते, एक जरा कमी केला की ती परत येते. हा बिघाड नाही, दोन उलट्या गुंडाळीच्या सिंगल कॉइलचा (एकाच गुंडाळीच्या पिकअपचा) स्वभाव आहे. प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत उलट गुंडाळलेला असल्यामुळे मुळातच शांत. घरात अर्थिंगचा भरवसा नसेल तर प्रिसिजन घ्या, असं मी सरळ सांगेन.

पेठांतल्या जुन्या घरांत थ्री-पिन सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. वायरमनकडून मोजून घ्या: फेज ते न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज ते अर्थही जवळपास तितकंच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ भलताच आकडा येत असेल तर अर्थ नाही असंच समजा. कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावं लागतं. लॅपटॉप, इंटरफेस आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर ठेवा, वेगवेगळ्या भिंतींवरून वीज घेतली की अर्थचा फेरा होतो. गुणगुण घालवायला प्लगची अर्थ पिन मोडणारे लोक आहेत. गुणगुण जाते, पण बिघाड झाला तर वीज तारांवाटे अंगातून जाईल.

इंटरफेसमध्ये काय पाहायचं

पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीच्या, बेसचा पिकअप हा दुबळा स्रोत आहे. त्याला साधारण 1 मेगाओहमचा इनपुट लागतो, आणि इंटरफेसवर 'इन्स्ट' किंवा गिटारचं चित्र असलेलं बटण दाबल्यावर तोच मिळतो. ते न दाबता लाइनमध्ये लावलात तर वरचे सूर मेल्यासारखे होतात आणि माणूस तारा बदलत बसतो. केबलही तीन-चार मीटरपेक्षा लांब नको, तिची कपॅसिटन्स वरचा आवाज खाते. अॅक्टिव्ह बेसला हा त्रास नाही, पण त्यातली 9 व्होल्टची बॅटरी जॅक घातल्याक्षणी खर्च व्हायला लागते. वाजवून झालं की जॅक काढा. बॅटरी उतरायला लागली की जोरात मारलेला सूर फाटतो, हे लक्षण लक्षात ठेवा. माईकसाठी असलेलं 48 व्होल्टचं बटण बेसला लागत नाही.

फोकसराइट, ऑडियंट, मोटू, बेहरिंगर, यांपैकी बेससाठी कुठलाही चालतो. एका वेळी एकच लाइन घ्यायची आहे. फरक पडतो तो ड्रायव्हरचा. 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पलचा बफर (लॅपटॉप आवाज साठवून मग पुढे सोडतो तो तुकडा) म्हणजे 2.7 मिलिसेकंदांचा उशीर, 256 म्हणजे 5.3, 1024 म्हणजे 21. जाण्यायेण्याचं मिळून हे दुप्पट होतं, वर ड्रायव्हरचं स्वतःचं थोडं. पंधराच्या पुढे गेलं की बोट आणि आवाज यांची फारकत होते, ठेका मागे ओढला जातो आणि दोष ढोलकीवाल्याला मिळतो. लॅपटॉप जुना असेल तर डायरेक्ट मॉनिटर (लॅपटॉपमध्ये न जाता थेट इंटरफेसमधून ऐकणं) चालू करून वाजवा, बफर मोठा राहिला तरी चालेल.

लेव्हल: सगळ्यात जोरात वाजणारा भाग वाजवून शिखर उणे 12 ते उणे 10 डेसिबलवर ठेवा. 24 बिटला याहून वर चढायची गरज नाही. स्लॅप असेल तर आणखी तीन-चार खाली. इनपुटला फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. कोरी, काहीही न लावलेली लाइन रेकॉर्ड करा, आवाजावरचे संस्कार नंतर. इग्नाइट अॅम्प्सचा एसएचबी-1, टीएसईचा बीओडी, न्यूरल अॅम्प मॉडेलर, हे तिन्ही फुकट आहेत आणि पुरेसे आहेत. खरा अॅम्प माईकनं घेणार असाल तर कोऱ्या लाइनसोबत घ्या आणि जुळवून घ्या: माईक स्पीकरपासून 30 सेंटिमीटरवर असेल तर तो ट्रॅक 48 किलोहर्ट्झला सुमारे 42 सॅम्पल मागे असतो. तो पुढे सरकवला नाही तर दोन्ही मिळून आवाज पातळ होतो. पण वाड्यात किंवा अपार्टमेंटमध्ये अॅम्प उघडून शेजाऱ्यांशी वैर घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

खोली कुठल्या सुराला खोटं बोलते

एक सोपा हिशेब आहे. 565 ला खोलीच्या फुटांनी भागा, तो आकडा म्हणजे त्या दोन भिंतींमध्ये घुमणारा पहिला सूर. बारा फुटांना 47 हर्ट्झ, दहा फुटांना 56.5, साडेनऊ फुटांच्या स्लॅबला 59.5. आता हे बेसवर शोधा. पांढरी सहा 55 आणि काळी पाच 58.3, दोघी दहा फूट आणि स्लॅब यांच्या कचाट्यात सापडतात. म्हणून मोकळी ए तार आणि तिचा पहिला फ्रेट खोलीत दणदणतात. काळी तीन 46.2, तिला बारा फुटांची भिंत उचलते. मधली काळी चार 51.9 वर कुणाचाच आधार नसल्यानं पडलेली वाटते. चार भिंती मिळून आणखी एक घुमणारा सूर 73.5 ला तयार होतो, आणि मोकळी डी तार 73.4 ची आहे. वाजवणाऱ्याचा हात असमान आहे असं वाटतं, प्रत्यक्षात खोली असमान असते. आपल्या खोलीचं माप घालून हा हिशेब एकदा कागदावर करा आणि तो कागद मॉनिटरच्या बाजूला चिकटवा.

यावर अंड्याचे ट्रे काही करत नाहीत. 41 हर्ट्झची एक लहर सव्वाआठ मीटर लांब असते, तिला पुठ्ठा दिसतही नाही. वाकळ टांगली तर गाणाऱ्याच्या आवाजाला फायदा होतो, बेसला नाही. रॉकवूलच्या चार इंची पाट्या, घनता घनमीटरला 48 किलोची, कापडात शिवून कोपऱ्यांत तिरप्या उभ्या केल्या आणि मागे पोकळी ठेवली तर 100 च्या आसपासचा चिखल बराच कमी होतो. भट्ट्या-बॉयलरचं इन्सुलेशन करणाऱ्यांकडे या पाट्या मिळतात. कापताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, अंगाला खाज सुटते. पण 47 आणि 56 ला त्याही फारशा पुरत नाहीत. तिथे जागा बदलणं हाच उपाय: बारा फुटांच्या मधोमध, सहा फुटांवर बसलात तर 47 हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येत नाही, मागच्या भिंतीला टेकलात तर दुप्पट येतो. समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर कान ठेवा.

त्यामुळे बेसची पातळी ठरवताना बंद हेडफोन जवळ ठेवा, आणि स्पेक्ट्रम दाखवणारा प्लगइन डोळ्यांसमोर. पाच इंची स्पीकर 50 च्या खाली फारसं काही सांगत नाही. आवडीचं, आपल्याच पट्टीतलं एक गाणं प्रोजेक्टमध्ये टाकून त्याची पातळी आपल्या गाण्याइतकी कमी करा आणि दोन्ही आलटून पालटून ऐका.

मोबाईल आणि डॉल्बी

मिक्समध्ये पहिला कट 30 ते 35 हर्ट्झच्या खाली, चार तारांवर तिथे संगीत नसतं. दुसरं काम 200 ते 300 मध्ये: दोन-तीन डेसिबल काढले की पेटी आणि गळा मोकळा होतो. बोटांची कड 700 ते 1000 मध्ये, पिकची 2 ते 3 किलोहर्ट्झमध्ये. कॉम्प्रेसर (जोरात आलेले सूर दाबणारं साधन) 4:1, अॅटॅक 20 ते 30 मिलिसेकंद, रिलीज शंभरच्या आसपास, काटा चार ते सहा डेसिबल हलेल इतका. अॅटॅक पाचवर आणलात तर बोटाचा ठोसा कापला जातो आणि बेस जाड पण आळशी होतो.

मोबाईलचा स्पीकर 200 च्या खाली जवळजवळ मुका. तिथे बेस ऐकू येतो तो त्याच्या वरच्या स्वरांमधून, मूळ सूर मेंदू भरून काढतो. म्हणून ट्रॅकची एक प्रत काढा, तिच्यावर डिस्टॉर्शन टाका, 300 च्या खालचं सगळं कापा आणि मूळ ट्रॅकखाली हळूहळू उचला. एकट्यानं ऐकताना कर्कश वाटेल, गाण्यात नाही. मूळ ट्रॅक वाढवून मोबाईलवर बेस आणायचा प्रयत्न केला तर डॉल्बीवर तेच गाणं भिंती हलवतं.

मिरवणुकीच्या भिंतीवर उलट प्रश्न. तिथे 40 ते 80 मध्ये आधीच भरपूर असतं आणि किक, म्हणजे पायानं वाजणारा मोठा ड्रम, तीही तिथेच बसलेली असते. दोघांपैकी खाली कोण, हे आधी ठरवा. किक 50 ला हवी असेल तर बेसला 80 ते 100 मध्ये घर द्या, आणि किक पडली की बेस दोन-तीन डेसिबल दबेल असा साइडचेन लावा. 120 च्या खाली सगळं मोनो. खालच्या सुरांवर कोरस किंवा स्टिरिओ रुंदी टाकली तर दोन बाजूंच्या सबमध्ये ते एकमेकांना खातात आणि गल्लीच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला बेसच मिळत नाही.

फाइल दुसऱ्याकडे पाठवताना कोरी लाइन आणि घडवलेला आवाज, दोन्ही द्या. दोन्ही मोनो, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, डब्ल्यूएव्ही, आणि बेस तिसाव्या मात्रेला सुरू होत असला तरी फाइल गाण्याच्या पहिल्या ठोक्यापासून. नावात पट्टी, वेग आणि ट्यूनिंगचा आकडा लिहा: काळी पाच, 96, 443. तो 443 लिहायचा राहिला तर पुण्या-मुंबईत बसलेला मिक्स करणारा तुमचा बेस 'सुधारून' 440 वर आणेल, आणि पेटी तशीच राहील.